गृहभेटीचा भत्ता

आमच्या आबाजींच्या गोष्टींत राजा नसायचा आणि राक्षसही नसायचा. दारव्ह्याची कचेरी असायची. तिथं ते शिपाई होते, स्वातंत्र्याच्या आधी आणि नंतरही काही वर्षं. उन्हाळ्यात अंगणात बाजा पडल्या की आम्ही पोरं त्यांच्याभोवती गोळा व्हायचो आणि ते विचारायचे, ‘आज कोणाचा खटला आयकता?’ आम्ही हमखास पोरांचाच खटला मागायचो.

कापसाच्या हंगामात बाजारात गाड्यांची रांग लागायची. गाडीवान गाडीखाली झोपले की गावातली पोट्टी मागून हात घालून पसापसा कापूस ओढायची. तो कापूस घेणारा दुकानदारही ठरलेला असे. बदल्यात फुटाणे, कधी गुळाचा खडा. दुकानदार कधी सापडला नाही. पोरगा मात्र दर आठवड्याला एखादा सापडायचा आणि ऑनररी मॅजिस्ट्रेटपुढं उभा राहायचा. शिक्षा बहुतेक वेळा एकच, वेत. १९०९ च्या फटक्यांच्या कायद्यात तशी सोय होती. सोळा वर्षांखालच्या पोराला पंधरापेक्षा जास्त वेत मारायचे नाहीत आणि मारण्याआधी त्याची प्रकृती सोसण्याजोगी आहे याची खात्री करून घ्यायची, असा नियम होता. कचेरीमागच्या लिंबाखाली तो प्रकार चाले. आबाजी वेत मोजायचे. ‘मोजणाऱ्याचा आवाज कापू नये, नाहीतर साहेब पुन्हा एकपासून मोजाले लावे,’ हे ते अगदी सरळ चेहऱ्यानं सांगायचे. आम्हाला ते खरंच वाटायचं. आज मला त्या वाक्याची निम्म्याहून जास्त शंका येते.

पण त्यांनी त्यापुढं सांगितलेलं मला आजही पटतं. वेत सरकारला आवडायचा तो स्वस्त पडायचा म्हणून. जेलात टाकलं तर भाकरी आली, घोंगडी आली, पहारा आला. वेताला एक काठी, एक डॉक्टर आणि आबाजी. पोरगं संध्याकाळी घरी, उद्या पुन्हा गाडीमागं. १९५५ साली देशातून फटक्यांची शिक्षा रद्द झाली. कोवळ्या वयातल्या गुन्ह्यांवर सरकार किती पैसा खर्च करायला तयार आहे, हा प्रश्न मात्र त्या लिंबाखालीच निघाला होता आणि तो काही रद्द झाला नाही.

वेताखेरीज दुसरा रस्ता होता तो जबलपूरचा. १८९७ च्या सुधारशाळांच्या कायद्यानं पंधरा वर्षांखालच्या पोराला तीन ते सात वर्षं सुधारशाळेत पाठवता येई, आणि आमच्या मध्य प्रांत-वऱ्हाडाची सुधारशाळा होती जबलपूरला. त्याच जबलपुरात कंपनी सरकारनं शरण आलेल्या ठगांना तंबू आणि गालिचे विणायला बसवलं होतं, म्हणजे सुधारण्याची परंपरा त्या गावाला जुनीच. आबाजींच्या आठवणीत असा एकच पोरगा होता. शकुंतला रेल्वेनं मूर्तिजापूर आणि तिथून मोठ्या गाडीनं पुढं. पोलीस त्याला घेऊन फलाटावर उभा होता. पोराची माय आली. तिनं रडारड केली नाही. आबाजींना तिनं एवढंच विचारलं, ‘दादा, जबलपूर दिग्रसच्या अल्याड हाये का पल्याड?’ तिच्या ओळखीचं सगळ्यात दूरचं गाव दिग्रस होतं. आबाजींनी सांगितलं, ‘पल्याड. जरा पल्याड.’ तो पोरगा परत आला की नाही हे त्यांना कधी कळलं नाही, आणि कळवायची जबाबदारीही कोणाची नव्हती.

कायदे कागदावर पुढं सरकत होते. १९१९-२० च्या तुरुंग समितीनं मुलांसाठी वेगळी न्यायालयं हवीत असं सांगितलं. मद्रासनं १९२० साली बालकायदा केला, बंगालनं १९२२ ला, मुंबईनं १९२४ ला, आमच्या मध्य प्रांतानं १९२८ ला. त्याच वर्षी प्रांताचा बोर्स्टल कायदाही आला आणि तरुण कैद्यांसाठी नरसिंहपूरची बोर्स्टल शाळा चालू लागली. बालकायद्याची प्रत कचेरीच्या कपाटात आपण पाहिली होती, असं आबाजी सांगत. तिच्यासोबत ना वेगळी खोली आली, ना माणूस. मुलांचं कोर्ट भरायचं ते त्याच खोलीत आणि त्याच मॅजिस्ट्रेटपुढं. फरक एवढाच झाला की आदल्या खटल्यातल्या दारूवाल्यांना बाहेर काढायचं काम आबाजींकडं आलं.

पारध्यांच्या बेड्यावरच्या लेकरांची गोष्ट आणखी वेगळी. तिथं गुन्हा घडायची वाट पाहावी लागत नसे. १९२४ च्या गुन्हेगार जमाती कायद्याचं सतरावं कलम सरकारला अशा जमातींच्या मुलांना आईबापांपासून तोडून उद्योगशाळेत किंवा सुधारशाळेत ठेवायचा अधिकार देत होतं. आज आपण ज्याला ‘प्रतिबंधात्मक उपाय’ म्हणतो त्यावर सरकारी तिजोरीतून झालेला पहिला ठसठशीत खर्च हा असा होता. लेकरू जन्मलं कुठं एवढ्यावर ठरलेला. ३१ ऑगस्ट १९५२ ला तो कायदा गेला. पण नेर, दारव्हा, यवतमाळच्या बाजूला कुठं सायकल चोरीला गेली की लोकांची नजर आधी बेड्याकडं जाते, हे मी माझ्या शिक्षकीच्या काळात वर्गात पाहिलं आहे. पेन्सिल हरवली तरी पोरं त्या एकाच बाकाकडं पाहायची.

१९५६ साली आम्ही मुंबई राज्यात आलो, १९६० साली महाराष्ट्रात. मुंबईचं या बाबतीतलं घर जुनं होतं. डेव्हिड ससून यांच्या नावाची उद्योगशाळा १८५७ ची, चिल्ड्रन्स एड सोसायटी १९२७ ची, आणि बालकायद्याचा नवा अवतार १९४८ चा. तिथूनच एक घडी जिल्ह्याजिल्ह्यांत आली. तिचं नाव जिल्हा परिविक्षा व अनुरक्षण संघटना. बोलायला एवढं जड नाव कोणी वापरत नाही. सगळे ‘रिमांड होम’ म्हणतात आणि त्या दोन शब्दांच्या धाकावर वऱ्हाडातल्या कितीतरी आयांनी पोरं जेवू घातली आहेत. संघटना स्वयंसेवी, अध्यक्षपदी बहुधा जिल्हाधिकारी किंवा जिल्हा न्यायाधीश, आणि पैसा सरकारी अनुदानाचा. अनुदान कशावर? मुख्यतः डोक्यावर. घरात मूल किती, त्यावर परिपोषण अनुदान. खाट भरली तर पैसा आला, खाट रिकामी राहिली तर पैसा गेला. जे पोरगं संस्थेत न येता घरीच सुधारलं, त्याच्या नावावर काहीच मागता येत नव्हतं. ही रचना कोणी वाईट हेतूनं केली असं मी म्हणणार नाही. पोटाला घालायचं तर पोटं मोजावी लागतात. पण ज्या कामात पोट मोजता येत नाही ते काम तेव्हापासून उपाशी राहिलं.

ते काम आमच्या फुफाजींचं होतं.

फुफाजी म्हणजे आत्याबाईचे यजमान. ते प्रोबेशन ऑफिसर, म्हणजे परिविक्षा अधिकारी होते; साठच्या दशकाच्या शेवटी लागले आणि विदर्भातले जिल्हे फिरत फिरत निवृत्त झाले. पोरगा पकडला की कोर्ट त्यांना सांगे, याच्या घरी जाऊन या. घर कसं, बाप काय करतो, शाळा सुटली तर का सुटली, गावात कोण याला हाक मारतं, कोण मारत नाही. त्याचा अहवाल कोर्टापुढं ठेवायचा आणि पोरगा चांगल्या वर्तणुकीच्या हमीवर सुटला तर पुढं वर्षभर त्याच्यावर नजर ठेवायची. फुफाजी सायकल एसटीच्या टपावर टाकायचे, फाट्यावर उतरायचे आणि तिथून पुढं पायडल मारायचे. पावसाळ्यात काळ्या मातीत सायकलच त्यांच्यावर बसायची, हे आत्याबाईचं म्हणणं.

त्यांची एक केस आमच्या घरात फार सांगितली जाते. घाटंजीकडचा एक ढोरकी, वय तेरा. मालकाच्या विहिरीवरच्या मोटारीची तांब्याची तार कापून त्यानं भंगारात विकली. पोलिसांच्या कागदात सगळं स्वच्छ होतं. चोरी, कबुली, जप्ती. फुफाजी गावात गेले तर पोरगा गायब, बाप सालदार, त्याच मालकाकडं. बाप काही बोलेना. म्हातारी आजी बोलली. पोरानं दोन वर्षं ढोरं राखली होती आणि मालकानं ढोरकीचे पैसे बापाच्या जुन्या उसनवारीत वळते केले होते. पोरानं आपल्या हिशेबानं आपली मजुरी वसूल केली. फुफाजींनी हे अहवालात लिहिलं. ‘चोरी चूक हाये, पण कोर्टाले दोन्ही बाजूची वजाबाकी दिसली पाह्यजे,’ असं ते सांगत. पोरगा बापाच्या हमीवर सुटला, फुफाजींच्या देखरेखीखाली.

देखरेख म्हणजे प्रवास. प्रवासभत्त्याची तरतूद वर्षाच्या सुरुवातीला यायची आणि दिवाळीनंतर संपायची. पोरांची वर्तणूक काही आर्थिक वर्षाप्रमाणं चालत नसल्यामुळं डिसेंबर ते मार्च फुफाजी स्वतःच्या खिशातून जायचे. आत्याबाईनं त्याची एक वही ठेवली होती. तिकिटाचे पैसे, पंक्चरचे पैसे, एका पोराला घेतलेल्या चपला. कोणी विचारलं की ती म्हणायची, ‘पगार सरकारचा, पन भत्ता माह्या डब्यातला.’

परिविक्षेचा जन्मच असा खिशातून झालेला आहे, हे मला फार उशिरा वाचायला मिळालं. अमेरिकेत बॉस्टन शहरात जॉन ऑगस्टस नावाचा बूट शिवणारा कारागीर होता. १८४१ साली त्यानं कोर्टात एका दारुड्याचा जामीन घेतला, त्याला कामाला लावलं आणि ठरल्या दिवशी पुन्हा कोर्टापुढं उभं केलं. माणूस ओळखू येईना. मग तो हेच करत राहिला, पुढं पोरांसाठीही, १८५९ साली मरेपर्यंत. पगार नव्हता, स्वतःचे पैसे आणि चार लोकांच्या देणग्या. मॅसॅच्युसेट्स राज्यानं पगारी परिविक्षा अधिकाऱ्याचा कायदा केला तो १८७८ साली. फुफाजींना मी हे सांगितलं तेव्हा ते म्हणाले, ‘त्याची बायको कोन होती त्याचं कुठी लिहिलं हाये का?’

फुफाजींच्या मते त्यांच्या नोकरीत पोरांना सगळ्यात जास्त वाचवलं ते त्यांच्या खात्यानं नव्हेच. १९७२ चा दुष्काळ. धान्याच्या चोऱ्या वाढल्या होत्या, लहान लहान पोरं पोती फाडताना सापडत होती. तेव्हा मुख्यमंत्री होते पुसदच्या गहुलीचे वसंतराव नाईक, आणि रोजगार हमीची कामं निघाली. खडी फोडायला आईबाप गेले, शनिवारी हातात पैसा आला, आणि ‘माह्या टेबलावरची फाइल पातळ झाली,’ असं फुफाजी सांगायचे. पुढं त्या योजनेसाठी सरकारनं १९७५ साली व्यवसाय कर लावला. शहरातल्या पगारदाराच्या पगारातून दरमहा कापून तो पैसा खेड्यातल्या कामाला जाऊ लागला. बालगुन्हेगारी रोखण्याच्या खर्चाचा हिशेब कोणी खरंच मांडला तर तो या खात्यातूनही मांडावा लागेल. तसा तो कोणी मांडत नाही, कारण बापाला मिळालेली मजुरी आणि पोरानं न केलेली चोरी यांची नोंद वेगवेगळ्या विभागांत होते, आणि न केलेल्या चोरीची तर कुठंच होत नाही.

सगळ्या पोरांचं चांगलं झालं असंही नाही. फुफाजींच्या हाताखालून गेलेला एकजण पुढं मोठा होऊन जेलात गेला आणि तिथून त्यानं फुफाजींना पोस्टकार्ड पाठवलं, जामिनासाठी ओळखीचा वकील पाहा म्हणून. ते कार्ड त्यांनी फाडलं नाही, उत्तरही दिलं नाही.

नंतरचे कायदे एकापाठोपाठ आले. १९८६ साली शीला बारसे यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयानं जेलांत सडणाऱ्या मुलांकडं देशाचं लक्ष वेधलं आणि त्याच वर्षी सगळ्या देशाला एक बालन्याय कायदा मिळाला. तो २००० साली बदलला आणि २०१५ साली पुन्हा बदलला. आता मुलाला लॉकअपमध्ये ठेवता येत नाही, बाल न्याय मंडळात मॅजिस्ट्रेटसोबत दोन समाजकार्यकर्ते बसतात आणि त्यांतली एक बाई असावी लागते. परिविक्षा अधिकाऱ्यानं पंधरा दिवसांत सामाजिक तपासणी अहवाल द्यायचा असतो. फुफाजी सायकलवर करायचे ते काम आता कायद्याच्या मजकुरात आलं, मुदतीसकट. कायदा म्हणून तो उत्तमच आहे.

आता पैसा पाहू. २००९ साली एकात्मिक बाल संरक्षण योजना आली, आज तिचं नाव मिशन वात्सल्य. केंद्राचे ६० टक्के, राज्याचे ४०. संस्थेतल्या मुलाचं परिपोषण सुरुवातीला महिन्याला ७५० रुपये होतं, ते आता ३००० झालं. वाढलं हे चांगलंच. जिल्हा बाल संरक्षण कक्षाच्या आकृतिबंधात मात्र विधी तथा परिविक्षा अधिकारी एक आणि क्षेत्रीय कार्यकर्ते दोन. २०२२ च्या केंद्राच्या तक्त्यात त्या अधिकाऱ्याला महिन्याला २७,८०४ रुपये आणि क्षेत्रीय कार्यकर्त्याला १०,५९२. नेमणूक कंत्राटी.

हा तक्ता यवतमाळच्या नकाशावर ठेवून पाहा. सोळा तालुके, साडेतेरा हजार चौरस किलोमीटर, २०११ च्या गणनेत पावणेअठ्ठावीस लाख माणसं. उमरखेड जिल्ह्याच्या ठिकाणापासून शंभर किलोमीटरच्या पलीकडं. झरी जामणीतला कोलाम पोड, पुसदकडचा तांडा जिथली अर्धी माणसं हंगामात ऊसतोडीला गेलेली, यवतमाळ शहराच्या कडेची झोपडपट्टी. या सगळ्यांतल्या घरांत पंधरा दिवसांच्या आत जाऊन यायचं आहे. शेजारच्या एका जिल्ह्यात क्षेत्रीय कार्यकर्ता असलेला माझा जुना विद्यार्थी मला म्हणाला, ‘बाई, घरी जाणं होत नाही. सरपंचाले फोन लावतो, पोलीसपाटलाले फोन लावतो, अन् लिहितो.’ मानधन तीन-तीन महिने न झाल्याचंही त्यानं सांगितलं, पण ते सांगताना तो चिडला नाही. फोनवरच्या अहवालाबद्दल बोलताना मात्र तो खाली पाहत होता. फोनवर घाटंजीची आजी बोलली असती का? सरपंचानं सांगितलं असतं, पोरगा उनाड आहे. मालकही तेच सांगत होता.

२०२२ साली देशात अल्पवयीनांवर ३०,५५५ गुन्हे नोंदले गेले, आणि सर्वाधिक आपल्या राज्यात. पकडली गेलेली बहुतांश मुलं आईबापांसोबत राहणारी असतात, हेही राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाचे आकडे दर वर्षी सांगतात. म्हणजे दार ठोठवायला घर आहे. तरी चर्चा होते ती वय किती धरावं याची. दिल्लीच्या २०१२ च्या प्रकरणानंतर सोळा ते अठरा वयाच्या मुलांवर घोर गुन्ह्यांत प्रौढांसारखा खटला चालवण्याची वाट उघडली. २०२४ च्या पुण्याच्या अपघातानंतर अल्पवयीन चालकाला जामिनासाठी लिहायला सांगितलेल्या तीनशे शब्दांच्या निबंधाची चेष्टा घराघरांत झाली. ती चेष्टा रास्तच होती. पण त्या रागात सगळीच मुलं एका गाडीत बसवली गेली. ज्याचं घर सगळ्या देशानं टीव्हीवर पाहिलं तो एक, आणि ज्याच्या घरी सरकारचा माणूस कधी गेलाच नाही असे हजारो.

खऱ्या प्रतिबंधाचं म्हणावं असं एक काम आमच्या जिल्ह्यात होतं आहे, आणि त्याच्या नावात गुन्हा हा शब्दही नाही. ती सावित्रीबाई फुल्यांच्या नावाची बालसंगोपन योजना. बाप गेलेल्या, एकट्या आईच्या लेकरासाठी महिन्याला २२५० रुपये, मूल घरीच. आत्महत्या केलेल्या कास्तकारांच्या घरांना या जिल्ह्यात तोटा नाही. २०१५ मध्ये बळीराजा चेतना अभियानासाठी सरकारनं निवडलेल्या दोन जिल्ह्यांत यवतमाळ होतं, ते उगाच नव्हे. बाप गेला की बारा-तेराचा पोरगा एकदम घरातला पुरुष होतो आणि त्याला पहिलं काम मिळतं ते बहुधा दारूच्या अड्ड्यावरच्या हरकाम्याचं. त्या २२५० रुपयांत पोरगा शाळेत राहिला तर त्याची फाइल बाल न्याय मंडळात कधी उघडतच नाही. ग्रामपंचायतीला स्वतःच्या उत्पन्नातले १० टक्के महिला-बालकल्याणावर खर्चायचे असतात. जिल्हा वार्षिक योजनेतही ३ टक्के निधी राखून ठेवायचा निर्णय झाला आहे. त्यातून परिविक्षेच्या गृहभेटींसाठी एक जीप आणि तिचं डिझेल मागायला कोणाची मनाई आहे, असं मी एका सभेत विचारलं. एका सदस्यानं विचारलं, जीपचं उद्घाटन कसं करायचं? सगळे हसले, मीही हसले.

फुफाजींचं शेवटचं थकीत बिल त्यांच्या निवृत्तीनंतर निघालं. त्यात त्या घाटंजीच्या पोराकडं केलेल्या भेटी होत्या, सगळ्या मिळून नऊ. लेखापरीक्षणाचा आक्षेप आला, एकाच बालकास नऊ वेळा भेट देण्याचे प्रयोजन काय? आमच्या घरात तो कागद सगळ्यांनी वाचला. फुफाजींनी उत्तर लिहिलं आणि पाठवण्याआधी आत्याबाईला वाचून दाखवलं. सरकारी भाषेत लिहिलेलं ते उत्तर तिला कळेना, म्हणून त्यांनी तिला साध्या बोलीत सांगितलं, ‘पहिल्या चार खेपा त्यो मले पाहून पऱ्हाटीत पळून जाये. पाचव्या खेपीले त्यानं पाणी देल्लं, अन् मंग बोलाले लागला.’

दोन महिन्यांनी निर्णय आला. पाच ते नऊ या भेटींचा भत्ता मंजूर. पहिल्या चार भेटींत संबंधित बालकाशी संपर्क न झाल्याचे अधिकाऱ्याने स्वतःच कबूल केले असल्याने त्या नामंजूर.